साखर संपल्यावरचे यीस्ट



साखर कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवणारे यीस्ट आणि प्रयोगशाळेतले यीस्ट एकाच जातीचे: सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. १९९६ मध्ये त्याचा जीनोम पुरता वाचून झाला. सुमारे सहा हजार जनुकांची यादी हाती आली. पण कोणत्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए किती वेळ टिकतो आणि त्यावरून किती प्रथिन तयार होते, हे यादीत कुठून असणार? त्याचा बराचसा कारभार आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या हाती असतो.

पफ-३ हे त्यांतले गाजलेले नाव. २००० साली वेंडी ऑलिव्हास आणि रॉय पार्कर यांनी दाखवले, की कॉक्स-१७ या जनुकाचा संदेश पफ-३ मुळे झपाट्याने मोडतो. आधी त्याची ए-अक्षरांची शेपटी खुडली जाते, मग पुढचे टोपण निघते आणि उरलेला धागा एक्सआरएन-१ हे विकर फस्त करते. २००४ मध्ये पफ-३ ला चिकटलेले दोनशेहून अधिक संदेश सापडले. जवळजवळ सगळे मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित! साखर मुबलक असते तोवर यीस्ट अल्कोहोल बनवत राहते, मायटोकॉन्ड्रियावाचून त्याचे फारसे अडत नाही. साखर संपली की तेच अल्कोहोल श्वसनासाठी वापरावे लागते. तेव्हा पफ-३ वर फॉस्फेट चढतात आणि कालपर्यंत संदेश मोडायला लावणारे हे प्रथिन त्याच संदेशांच्या भाषांतरणाला, म्हणजे त्यांवरून प्रथिन बनवायला, हातभार लावू लागते. माणसांच्या कचेरीत असे पक्षांतर इतके सुरळीत पार पडत नाही.

अ‍ॅश-१ या प्रथिनाचे प्रकरण तर याहून देखणे. मायो-४ हे मोटर प्रथिन त्याचा संदेश अ‍ॅक्टिनच्या धाग्यावरून कळीच्या, म्हणजे उगवत्या लेक-पेशीच्या, टोकाला नेते. संदेश धरून ठेवायला शी-२ आणि शी-३ असतात. वाटेत पफ-६ आणि केएचडी-१ भाषांतरण रोखून धरतात. मुक्कामी पोचल्यावर त्यांनाही फॉस्फेट लागतात, पकड सुटते आणि अ‍ॅश-१ मुख्यतः लेक-पेशीत जमते. हे प्रथिन लिंगप्रकार बदलू देत नाही; म्हणून आई-पेशी आपला लिंगप्रकार बदलू शकते, लेक नाही.

या साऱ्यातून एक प्रश्न उरतो: भाषांतरण थांबते म्हणून संदेश मोडतो, की मोडायला घेतला म्हणून भाषांतरण थांबते? डीएचएच-१ सारखे प्रथिन दोन्हीकडे हात घालत असल्याने हा वाद सोपा नाही. त्यासाठी या परिषदेचे दुपारचे सत्र मोकळे ठेवले आहे. चहा सभागृहाबाहेर तयार आहे.