घरच्या वेशीवरील पहारेकरी : राउटरसाठी स्वस्त यंत्राची निवड



पूर्वी गावाच्या वेशीवर रात्री पहारेकरी बसे. येणाऱ्यास तो नावगाव विचारी आणि आतल्या कोणी बोलावले असेल तरच त्यास पुढे सोडी. ज्या घरात इंटरनेटची तार आली आहे तेथे असाच एक पहारेकरी लागतो. घरातील चारसहा यंत्रांचे निरोप बाहेर पोचविणारा व आलेले उत्तर ज्याचे त्यास देणारा तो राउटर. न बोलावता आलेल्यास दारातच अडविणारी ती फायरवॉल. बहुधा ही दोन्ही कामे एकाच लहानशा पेटीत होतात आणि जोडणी देणारी कंपनीच ती पेटी भिंतीला टांगून जाते.

मग असे यंत्र घरी जुळविण्याचा खटाटोप कशाला? २०१६ साली ‘मिराय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम असंख्य कॅमेऱ्यांत व घरगुती राउटरांत शिरला, कारण कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द मालकांनी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांकडून एकदम मारा करवून अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीची सेवा ठप्प पाडण्यात आली व कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ उजेडात आला. त्याने ५४ देशांतील किमान ५ लाख राउटर व साठवण-यंत्रे ग्रासल्याचा अंदाज होता. पेटी बनविणारी कंपनी काही वर्षांनी दुरुस्त्या पाठविणे बंद करते. पेटी मात्र बिनतक्रार चालू राहते. धोका आहे तो येथे. उलट ‘ओपीएनसेन्स’, ‘पीएफसेन्स’ वा ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या प्रणाली विनामूल्य मिळतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या एखाद्या पेटीच्या विक्रीवर अवलंबून नसतात.

यंत्र निवडताना पहिले लक्ष जाते ते कपाटातील जुन्या संगणकाकडे. तो फुकट आहे असे वाटते. पण हे यंत्र चोवीस तास चालावयाचे असते, तेव्हा सातवीच्या मुलाला घालावे असे एक गणित शिक्षकाने आधी स्वतः सोडवावे. जुना संगणक ६० वॅट वीज घेतो असे धरले, तर ६० गुणिले २४ गुणिले ३६५, भागिले १०००, म्हणजे वर्षाला ५२५.६ युनिट झाले. १० वॅटच्या लहान यंत्राला ८७.६ युनिट पुरतात. फरक ४३८ युनिटांचा. दर युनिटला ८ रुपये धरल्यास ही रक्कम वर्षाला ३,५०४ रुपये होते, म्हणजे दोन वर्षांत सात हजारांवर. शिवाय वीज गेली की इन्व्हर्टरवरचा भार सहापट. महिनाभर शिकण्यापुरता जुना संगणक उत्तम. कायमचा पहारेकरी म्हणून तो खर्चिक नोकर ठरतो.

दुसरी गोष्ट नेटवर्क पोर्टांची. एक पोर्ट बाहेरच्या तारेला व एक घरच्या जाळ्याला, असे निदान दोन हवेतच. जुन्या संगणकाला बहुधा एकच असतो; त्यात जुन्या बाजारातील इंटेलचे कार्ड बसविता येते. ओपीएनसेन्स व पीएफसेन्स ज्या फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत, तिच्याशी इंटेलच्या कार्डांचे चांगले जमते. रिअलटेकच्या काही कार्डांचा त्रास होतो. यूएसबीला लटकणारे पोर्ट या कामी घेऊ नयेत.

प्रोसेसरविषयी मात्र उगाच फार चर्चा होते. तो ६४ बिटांचा असला पाहिजे. पीएफसेन्सने ३२ बिटांचा आधार २०१७ सालीच सोडला. १०० एमबीपीएसच्या जोडणीला गेल्या दहा वर्षांतील साधा प्रोसेसरही पुरतो. पीएफसेन्सच्या चालकांनी २०१७ मध्ये जाहीर केले होते की, पुढील आवृत्तीस प्रोसेसरमध्ये ‘एईएस-एनआय’ ही सोय असावीच लागेल. २०१९ मध्ये ही अट त्यांनी मागे घेतली. मधल्या काळात ज्यांनी केवळ त्या घोषणेपायी नवे यंत्र घेतले, त्यांचा खर्च व्यर्थच गेला म्हणावयाचा.

बरीच वर्षे स्वित्झर्लंडच्या ‘पीसी इंजिन्स’ची एपीयू ही लहान, बिनपंख्याची पाटी अनेकांच्या पसंतीस होती, ते पर्व आता संपले आहे. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर आला आणि तो घातलेल्या, चार पोर्टांच्या, पंखा नसलेल्या पेट्या मिळू लागल्या. त्याच्या नावापुढे ६ वॅट लिहिलेले असते, पण तो आकडा एकट्या प्रोसेसरचा. सबंध पेटी त्याहून अधिक घेते. स्वस्त दिसणारी पेटी पुष्कळदा रिकामी असते, रॅम व एसएसडी वेगळे घ्यावे लागतात, हे किमतीची तुलना करताना विसरू नये. ओपीएनसेन्सला साध्या घरासाठी ४ जीबी रॅम पुरते. अनोळखी विक्रेत्याने आत घालून दिलेली प्रणाली पुसून, मूळ स्थळावरून उतरविलेली प्रत नव्याने बसवावी. पहारेकरीच परका निघाला तर वेशीचा उपयोग काय!

ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी चालू शकेल असा साधा राउटर हा सर्वांत किफायतशीर मार्ग होय. त्यात १६ एमबी साठवण व १२८ एमबी रॅम यांपेक्षा कमी असू नये. त्या प्रकल्पाच्या स्थळावर चालणाऱ्या यंत्रांची यादी आहे. तीत नावाबरोबर आवृत्तीचा अंकही जुळवून पाहावा. एकाच नावाच्या पेटीत दुसऱ्या आवृत्तीस निराळीच चिप असू शकते. तो अंक खोक्यावर नव्हे, पेटीच्या पाठीवरील चिठ्ठीवर वाचावा.

जुना वाय-फाय राउटर घरी असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. पहाऱ्याचे काम नव्या यंत्राकडे सोपवून त्याच्याकडे केवळ वाय-फायचे काम ठेवता येते. त्याची दुरुस्ती थांबली असेल तर परवलीचा शब्द बदलून, बाहेरच्या तारेशी त्याचा थेट संबंध राहणार नाही अशा बेताने तो आतल्या बाजूस जोडावा.