एकदाच ऐकलेले वाक्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाचा सराव नाही, म्हणून लिहून आणले आहे, तेच वाचून दाखवते.

आपल्या मंडळाचा हिशेब लिहायला मला प्रथम सांगितले, तेव्हा डोके दुखते म्हणून मी घरी निघून गेले. डोके दुखत नव्हते. माझे लग्न ठरताना सासरकडच्या एक बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "मुलगी सावळी, त्यातून सातवी. हिला पोळ्या लाटण्यापलीकडे काय कळणार?" त्या बोलून विसरल्या. मी मात्र वीस वर्षे काही चुकले की तेच वाक्य स्वतःला ऐकवी. त्या एकदा बोलल्या. पुढे हजार वेळा मीच बोलले.

हे माझ्या ध्यानात आले ते संत बहिणाबाईंचे चरित्र ऐकताना. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या. या आपल्याच जिल्ह्यातल्या. वेरूळजवळच्या देवगावी १६२८ साली जन्मल्या आणि १७०० साली वैजापूर तालुक्यात शिऊरला त्यांनी देह ठेवला. तिथे त्यांची समाधी आहे.

अजाण वयात त्यांचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. पुढे त्यांनी तुकोबांना गुरू मानले. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे पतीला सोसेना. त्याने त्यांना मारले, बांधूनही ठेवले. पुढे तो आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि ती सारी देहूला गेली.

मला नवल वाटते ते याचे, की ही सारी कहाणी बहिणाबाईंनी स्वतः अभंगांत सांगितली आहे. मार झाकला नाही. बाईच्या जन्माचे पराधीनपणही उघड बोलून दाखवले. पण त्याच कहाणीत लाडके वासरू आहे, गुरूची ओढ आहे, मुलगा आहे. मार हे त्या पोथीतले एक पान. सारी पोथी नव्हे.

मुकाट्याने सोसावे, असे मी सांगत नाही. त्या काळी बाईच्या पाठीशी कायदा नव्हता. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, मदतीसाठी १८१ हा फोन आहे. जुन्या आठवणींनी झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यातही कमीपणा नाही.

मी काय केले? वहीच्या एका बाजूला ते वाक्य लिहिले. दुसऱ्या बाजूला मी आजवर काय निभावले ते लिहिले. सासूबाईंचे दुखणे काढले, दोन मुले शिकवली, दिवाळीला अर्ध्या गल्लीची भाजणी भाजली. वाक्य दोन ओळींचे, यादीने पान भरले. दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही मागून घेतली. पहिल्याच महिन्यात चाळीस रुपयांची चूक निघाली. छातीत धडधडले. पुन्हा बेरीज केली, चूक सापडली. कोणी माझी सातवी काढली नाही.

त्या बाई आता थकल्या आहेत. भेटले की मी पाया पडते. वाक्य आठवते, पण बोचत नाही.

भगिनींनो, घरी सून आहे, लेक आहे. आपल्या तोंडून असे वाक्य निघू नये, एवढी काळजी आपण घेऊ या.