चार बॉलनंतर काय?



कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांसारख्याने मुलींच्या सॉफ्टबॉलवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमची शाळा म्हणजे युनियनच्या कचेरीतले पुस्तकांचे कपाट. परंतु नियम कोणासाठी करायचा, हा वाद आमच्या रोजच्या कामातलाच आहे.

आमच्या वसाहतीत दहा वर्षांखालील मुलींचे दोन संघ केले आणि त्यांना मोठ्यांचे नियम लावले. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. तो होमप्लेटवरून, बॅटवालीच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅट फिरली नाही तर बॉल. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलला पहिला बेस फुकट. झाले काय, आमच्या पिचरचा चेंडू पट्ट्यात येईना. एकामागून एक मुलगी चालत बेसवर जाई, आणि चालतच धाव पुरी होई. बाकीच्या मुली गवत उपटीत बसल्या. पिचर रडत घरी गेली, ती पुढच्या रविवारी आलीच नाही.

मग आम्ही नियमांची पुस्तके चाळली. हा खेळ १८८७ साली शिकागोत निघाला, तोही बॉक्सिंगच्या हातमोज्याचा चेंडू आणि झाडूच्या दांड्याची बॅट करून. तिकडे मोठ्या बायका ४३ फुटांवरून चेंडू टाकतात. दहा वर्षांखालील मुलींना अंतर ३५ फूट, आणि चेंडूचा घेर १२ऐवजी ११ इंच. त्याहून लहानांना बहुधा प्रशिक्षक किंवा यंत्रच चेंडू टाकते. नवशिक्यांच्या अनेक लीगांत चार बॉल झाले तरी फुकट बेस नाही. बॅटिंग करणाऱ्या संघाचाच प्रशिक्षक येऊन पुढचे चेंडू टाकतो. झालेले स्ट्राइक मात्र कायम. त्याला आपल्याच मुलीने चेंडू मारावा असे वाटत असते, म्हणून तो सरळ, सोपा टाकतो. दोन्ही बाजूंचे हित एकच, असा प्रसंग आम्हांला वाटाघाटींत क्वचितच लाभला!

आमच्यातल्या एका जुन्या खेळाडूने हरकत घेतली : मुलीची चूक दुसऱ्याने निस्तरायची, तर ती शिकणार कधी? हरकत अगदीच पोकळ नव्हती. पण गिरणीत शिकाऊ उमेदवाराच्या हाती पहिल्याच दिवशी पुरे साचे कोणी देत नाही; जाणता विणकर शेजारी उभा असतो. शिवाय पुढच्या बॅटवालीला पहिला चेंडू पुन्हा तीच पिचर टाकते. दर खेपेला तिचे चार चेंडू हक्काचे.

हे सांगायला आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. ती दाराआडून म्हणाली, "काका, सर चेंडू टाकायला आले की मी बाहेर बसायचं का?"

आम्ही म्हटले, "नाही. तू तिथंच, वर्तुळात उभी राहायचं. चेंडू तुझ्याकडे आला तर अडवणार कोण?"

ती चपला शोधू लागली.