हास्यविनोदाचे शिक्षण



महाविद्यालयात विनोदाचे लेखन व सादरीकरण शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या शिक्षणनिधीतून साहाय्य द्यावे काय, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो.

‘विनोद अंगचाच असावा लागतो, तो शिकवून येत नाही,’ असा पहिला आक्षेप. गळाही अंगचाच असतो. म्हणून गवई रियाज सोडीत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या एमर्सन कॉलेजात २०१६ साली विनोदकलेचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. शिकागोच्या कोलंबिया कॉलेजानेही असा अभ्यासक्रम काढला. लिहावे, करून दाखवावे, हशा पिकला नाही तेथे खोडावे आणि पुन्हा लिहावे, हाच या विद्येचा रियाज.

या शिक्षणातील एक प्रमुख पद्धत शिकागोत, मुलांना शिकविणाऱ्या एका बाईंच्या हातून घडली. व्हायोला स्पोलिन यांनी परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी नाट्यखेळ रचले आणि १९६३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९५९ साली निघालेल्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स होते. आयत्या वेळी रचावयाच्या या नाट्याचा पहिला धडा असा, की सोबत्याचे म्हणणे नाकारू नये. ते स्वीकारून त्यात भर घालावी. एकाने ‘नाव बुडते आहे’ म्हटले, तर दुसऱ्याने ‘येथे नाव कोठे आहे?’ म्हणून खेळ मोडू नये. ‘आणि पाणी उपसण्याचा तांब्या आपण घरीच विसरलात!’ असे म्हणावे. दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकल्यावाचून हे साधत नाही. ऐकावयास शिकविणारा विषय विद्येबाहेरचा कसा म्हणावा?

आपल्याकडेही चिमणरावांचे जनक चि. वि. जोशी बडोद्यास पालीचे अध्यापक होते. आचार्य अत्रे मुख्याध्यापक होते व अध्यापनाची पदविका घेण्यास लंडनला गेले होते. विद्वत्तेने त्यांचा विनोद आटला नाही. तो सकसच झाला.

पोटापाण्याची चिंता मात्र रास्त आहे. या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही, हे विद्यार्थ्यास स्पष्ट सांगावे. परंतु विषयाचे नाव वाचून, हसून अर्ज बाजूला सारू नये. विद्यार्थ्याची तयारी, घरची स्थिती आणि शिक्षणाचा खर्च या ज्या कसोट्या आपण वैद्यकीच्या अर्जास लावतो, त्याच येथेही लावाव्यात. त्यांवर अर्ज उतरला नाही, तर तो खुशाल नाकारावा. पण नकार परीक्षेअंती यावा, थट्टेपोटी नव्हे.