ताटीबाहेरची मुक्ताई



मुक्त विद्यापीठाच्या या मांडवात पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी रात्रपाळी करून शिकलं, कुणी द्राक्षाची छाटणी उरकून पुस्तक उघडलं, कुणी मुलांना झोपवून स्वाध्याय लिहिले. १९८९ साली 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत हे विद्यापीठ उभं राहिलं, ते तुमच्यासाठीच. कष्ट म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार? मी शेजारच्या त्र्यंबकेश्वराबद्दल बोलणार आहे.

तिथल्या ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, ज्ञानदेवांच्या कुटुंबाची पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा सांगते. पुढे आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. चार पोरं उघड्यावर पडली, गावानं वाळीत टाकलेली. निवृत्तीनं मिळालेलं ज्ञान स्वतःपाशी ठेवलं नाही, धाकट्या ज्ञानदेवाला दिलं. १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी झाली आणि तिच्यात ज्ञानदेव पुन्हापुन्हा थोरल्या भावाचं ऋण मानतात.

पण मला याहून मोठी वाटते ती ताटीची कथा. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहिली ती चौघांतली सगळ्यांत धाकटी, मुक्ताई. ती भावाला समजावते, हक्कानं चार शब्द सुनावते, आणि ताटी उघडेपर्यंत तिथून हलत नाही. वाट दाखवायला वय लागतं, पदवी लागते, असं आपण धरून चालतो. मुक्ताईपाशी यातलं काहीच नव्हतं.

आपल्या निफाड-दिंडोरीत एका गारपिटीत उभी बाग झोपते, कर्ज मात्र उभंच राहतं. लासलगावला कांद्याचा भाव पडला की वाहतुकीचा खर्चही निघत नाही. अशा घरातला माणूस दार लावून घेतो. 'देवावर भरवसा ठेव' असं त्याला फोनवर सांगून मोकळं होणं मला श्रद्धा वाटत नाही. देवावर भरवसा असलेल्या माणसानं त्याच्या दारात जाऊन बसावं. आणि आत बसलेले आपण असू, तर हाक आल्यावर ताटी उघडावी. हे दुसरं मला जास्त अवघड वाटतं.

पौष वद्य एकादशीला कडाक्याच्या थंडीत त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. गावच्या सप्ताहातला वीणेचा पहाराही पाहिला असेल. वीणा खाली ठेवायची नाही. उभ्या माणसाचे पाय भरून येतात, तेवढ्यात पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दमलेल्याला कुणी कमी लेखत नाही. पाळी बदलणार हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं.

तुमच्या अभ्यासकेंद्रावर तुमच्याबरोबर नाव घातलेले काहीजण मधेच गळाले. कुणाचं लग्न झालं, कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणी नापास झाल्यावर तोंड दाखवायचं टाळलं. त्यातलं एक नाव तुम्हाला आत्ता आठवत असेल. मनापासून अभिनंदन करून मी तुमच्याकडे एवढंच मागतो: या आठवड्यात त्याच्या घरी जा, तुमच्या नोट्स घेऊन जा, आणि पुढच्या प्रवेशाचा अर्ज त्याच्याशेजारी बसून भरा.