बारा महिन्यांचे मंत्रिपद



दीक्षान्त समारंभात विद्येची महती गावी असा प्रघात आहे. तो मोडण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु जिच्या वाट्याला पदवी तर राहोच, धड प्राथमिक शिक्षणही आले नाही आणि तरीही जी फिनलंडच्या मंत्रिमंडळात बसणारी पहिली स्त्री ठरली, त्या मीना सिल्लानपॅ यांची हकीकत आज सांगण्याची मुभा आपण मला द्यावी.

नैऋत्य फिनलंडमधील योकिओइनेन या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात 1866 साली त्यांचा जन्म झाला. लागोपाठच्या वर्षांत तेथे असा भीषण दुष्काळ पडला, की पाइनच्या सालीचे पीठ मिसळून भाकरी भाजाव्या लागल्या आणि लोकसंख्येचा सुमारे बारावा हिस्सा उपासमारीने व तिच्या पाठोपाठ आलेल्या साथींनी नाहीसा झाला. त्यातून जगलेली ही मुलगी बाराव्या वर्षी फोर्सा येथील कापडगिरणीत कामाला लागली. गावोगाव फिरत्या शाळेत आणि गिरणीच्या शाळेत जे चार अक्षरांचे ज्ञान पदरात पडले, तेवढीच तिची विद्या. पुढे काही काळ खिळ्यांच्या कारखान्यात राबून, अठराव्या वर्षी ती पोर्वो शहरी मोलकरीण म्हणून आणि तेथून हेलसिंकीस गेली.

मोलकरणीचे जिणे म्हणजे काय, हे कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा त्यांना अधिक ठाऊक झाले ते या वर्षांत. कारखान्यातील मजुराचा दिवस निदान भोंग्याने संपतो. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवस मालकीण निजल्यावर संपतो. कामाचे तास ठरलेले नाहीत, निजायला स्वतंत्र जागा असेलच असे नाही, आणि नोकरी सुटली की त्याच क्षणी डोक्यावरचे छप्परही गेले. यावर मीनाबाईंनी केलेली तजवीज त्यांच्या स्वभावाची साक्ष देणारी आहे. 1898 मध्ये हेलसिंकीत मोलकरणींचा संघ उभा राहिला. त्याच्या वतीने बेकार बायांना उतरण्यासाठी एक निवास आणि काम मिळवून देणारी कचेरी चालू झाली, आणि तेथील कारभार त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः पाहिला. मोलकरणींसाठी एक मासिकही त्यांनी संपादिले. जिने स्वतः लिहायला कष्टाने शिकावे तिनेच संपादकाच्या खुर्चीत बसावे, यात मला कोणत्याही मानद पदवीपेक्षा अधिक मान दिसतो.

फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अंमलाखालील संस्थान होते. सरदार, धर्मोपदेशक, नागर आणि शेतकरी अशा चार वर्गांची जुनी सभा तेथे चालत असे, आणि ज्यांच्या नावावर जमीन वा मिळकत नाही त्यांना तीत थारा नव्हता. 1905 च्या सार्वत्रिक संपानंतर ही व्यवस्था कोसळली. 1906 च्या सुधारणेने 200 सभासदांचे एकच कायदेमंडळ निर्माण केले आणि स्त्रियांना मताचा व उमेदवारीचा हक्क एकदमच दिला. पुढील वर्षीच्या निवडणुकीत 19 स्त्रिया निवडून आल्या; जगातल्या कोणत्याही संसदेत त्यापूर्वी एकही स्त्री निवडून गेलेली नव्हती. अलेक्सांद्रा ग्रिपेनबेर्ग या सरदार घराण्यातील विदुषी आणि कालपर्यंत दुसऱ्याच्या घरी राबलेल्या मीनाबाई एकाच सभागृहात, सारख्याच हक्काने बसल्या. दोघींचे पक्ष निराळे, मते निराळी. तरीही त्या दृश्याची कल्पना करताना मन प्रसन्न होते, हे लपविण्याचे कारण मला दिसत नाही.

1917 च्या स्वातंत्र्यानंतर लगेचच फिनलंडमध्ये यादवी पेटली. तांबड्या आणि पांढऱ्या सेनांच्या त्या संहारात मीनाबाईंचा समाजवादी पक्ष दुभंगला. सशस्त्र क्रांतीचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. युद्धाने मागे ठेवलेल्या विधवांचा, अनाथ मुलांचा आणि निराधार वृद्धांचा प्रश्न मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

13 डिसेंबर 1926 रोजी वॅइनो टान्नेर यांचे समाजवादी मंत्रिमंडळ अधिकारावर आले, आणि त्यात साठ वर्षांच्या मीनाबाई सामाजिक व्यवहार खात्याच्या दुय्यम मंत्री झाल्या. ते अल्पमताचे सरकार पुढील वर्षीच्या डिसेंबरात पायउतार झाले. चरित्रकोशात या बारा महिन्यांना ठळक अक्षरे मिळतात. माझ्या मते त्या आयुष्यातला तो सर्वांत महत्त्वाचा काळ नव्हे. पद गेल्यावर त्या खंतावून घरी बसल्या नाहीत की आठवणी लिहीत राहिल्या नाहीत. मध्यंतरीचे खंड वजा जाता एकंदर 38 वर्षे त्यांनी संसदेत काढली, आणि 1947 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्या तेथून निवृत्त झाल्या.

शेवटच्या पर्वातले त्यांचे कार्य मला विशेष मोलाचे वाटते. अविवाहित मोलकरणीस दिवस गेले, तर नोकरी, निवारा आणि अब्रू ही तिन्ही ती एकदमच गमावीत असे, आणि तिच्या मुलाचे भवितव्य कोणाच्याच दप्तरात नोंदले जात नसे. अशा मातांना मुलासह राहता यावे म्हणून मीनाबाईंनी कित्येक वर्षे धरलेला आग्रह फळास आला तो 1942 मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, हेलसिंकीत असे पहिले गृह उघडले तेव्हा. तीन वर्षांनी या गृहांचा देशव्यापी संघ स्थापन झाला, आणि तो आजही कार्यरत आहे. 1952 साली त्यांचे निधन झाले. दरवर्षी 1 ऑक्टोबर रोजी फिनलंड त्यांच्या स्मरणार्थ राष्ट्रध्वज उभारतो.

स्नातकहो, आपल्या महाराष्ट्रातही घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ स्थापण्याचा कायदा 2008 साली झाला आहे. तुमच्यापैकी जे उद्या वकिली करतील, वृत्तपत्रांत लिहितील किंवा सरकारी खात्यांत रुजू होतील, त्यांनी त्या कायद्याची प्रत एकदा मुळातून वाचावी. आणि ज्यांना यापैकी काहीच करावयाचे नसेल, त्यांनी आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मंडळाकडे नोंदणी झाली आहे की नाही, एवढे तरी चौकशी करून पाहावे, आणि झाली नसेल तर तो अर्ज स्वतः बसून भरून द्यावा, अशी माझी विनंती आहे.