दिवसाची वीज रात्रीसाठी
(रेडिओवरील भाषण)



टेंभुर्णीहून महामार्गाने सोलापूरकडे जा किंवा इंदापूरकडे, गोदामांच्या पत्र्यांवर, पेट्रोल पंपांवर, बंगल्यांच्या गच्चीवर आता सौर पॅनेल दिसतात. आपल्या भागात उन्हाला तोटा नाही. तरी पारावर एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो अगदी रास्त आहे. दिवस मावळल्यावर काय?

सौर वीज सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत भरपूर तयार होते. घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही आणि मिक्सर एकदम चालू होतात ते संध्याकाळी सातला, आणि तेव्हा तीच सौर वीज शून्यावर आलेली असते. हा खड्डा आज मुख्यतः कोळसा आणि कोयनेसारखी धरणं भरून काढतात. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॉटचं केंद्र आहे. कोळसा लांबून येतो आणि पाणी उजनीतून. असं केंद्र घटकेत बंद, घटकेत चालू करता येत नाही, कारण बॉयलर थंड झाला की पुन्हा तापवायला तास न् तास लागतात. म्हणून दुपारी उन्हाची वीज जास्त झाली तरी कोळशाचं केंद्र मंद आचेवर ठेवावं लागतं आणि संध्याकाळी त्याच्याकडूनच घाईघाईने वीज मागावी लागते. सुगीतली ज्वारी पेवात ठेवून वर्षभर खाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला वेगळं काय सांगायचं? पीक एका वेळी येतं आणि भूक रोज लागते. विजेलाही पेव हवं.

असं एक पेव आपल्या शेजारीच आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. उजनी म्हटलं की आपण टीएमसी आणि टक्केवारी बोलतो. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं, ते आपण सगळ्यांनी सोसलं. त्याच धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचं वीजगृह आहे आणि तिथला संच दोन्ही बाजूंनी चालेल असा बांधलेला आहे. पाणी खाली आलं की तो वीज तयार करतो. वीज मुबलक असेल तेव्हा तोच संच पंप होऊन खालचं पाणी परत वर चढवू शकतो. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशीही असाच 12 मेगावॉटचा संच आहे. म्हणजे लिथियमचं नाव गावात कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हा भीमेच्या काठावर वीज साठवण्याची सोय उभी राहिली होती.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पाहायची तर अकोले तालुक्याच्या टोकाला घाटघरला जावं लागेल. तिथे 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वर एक तलाव, सह्याद्रीचा कडा उतरला की खाली दुसरा. भिऱ्याला टाटांचा 150 मेगावॉटचा संचही याच तत्त्वावर चालतो. यातलं गणित साधं आहे. पाण्याची पडण्याची उंची जितकी जास्त, तितकं पाणी कमी लागतं. घाटघरसारखा चारशे मीटरचा उतार असेल तर साधारण एक हजार लिटर पाण्यात एक युनिट वीज निघते. उतार तीसच मीटरचा असेल तर त्याच एका युनिटला बारा-चौदा हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे मोठा टँकर भरून. म्हणून उदंचनाचे नवे मोठे प्रकल्प सह्याद्रीच्या कड्यावरच होणार. भिवपुरीला टाटा पॉवरचा 1000 मेगावॉटचा प्रकल्प ठरलेला आहे. माढा, करमाळ्याच्या सपाट माळाला तो मार्ग नाही. इथे बॅटरीच लागेल.

बॅटरी म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरखालची पाण्याची बॅटरी नव्हे. जहाजावर चढवतात तसल्या लोखंडी कंटेनरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच्या हजारो पेट्या रचलेल्या असतात. दुपारी त्या भरतात आणि संध्याकाळी दोन ते चार तास वीज परत देतात. शंभर युनिटं आत घातली तर पंच्याऐंशीच्या आसपास बाहेर येतात, बाकीची उष्णतेत आणि यंत्रणेत जातात. बॅटरीचा मोठा गुण असा की मागणी अचानक वाढली तर सेकंदाच्या आत ती साथ देते. हे काम कोळशाला जमत नाही. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला 100 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाबरोबर 40 मेगावॉटची बॅटरी बसवली आहे. ती तीन तास पुरते, म्हणजे एका भरणीत एक लाख वीस हजार युनिटं. फेब्रुवारी 2024 मध्ये हा प्रकल्प देशाला अर्पण झाला.

किमतीचं म्हणाल, तर चित्र फार वेगाने पालटलं आहे. 2022 मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या निविदेत एका मेगावॉटच्या दोन तासांच्या साठ्याला महिन्याचं भाडं पावणेअकरा लाखांच्या पुढे निघालं होतं. 2024 संपताना राजस्थानातल्या निविदेत, केंद्राची मदत धरून, तेच सव्वादोन लाखांच्या आसपास आलं. दोन वर्षांत पाचवा हिस्सा. त्यामुळे "बॅटरी परवडत नाही" हे वाक्य आता जुनं झालं आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

पण कशाला परवडते, हे मात्र नीट पाहिलं पाहिजे. शेतकरी बंधू-भगिनींनो, पाच एचपीची मोटार रात्री आठ तास चालवायची तर तीसपेक्षा जास्त युनिटं लागतात. तेवढी बॅटरी विहिरीवर बसवायला काही लाख रुपये मोडतील. हा खर्च करू नका. पिकाला पाणी हवं असतं, आणि पाणी साठवायला शेततळं आहे, ठिबकची टाकी आहे, जमिनीतली ओल आहे. दिवसा मोटार चालली की काम झालं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी आहे. 2017 मध्ये सुरू झालेली ही योजना 2023 पासून मोठ्या प्रमाणावर राबवली जाते आहे. शेतीचा भार असलेल्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, असा तिचा आराखडा आहे.

रात्रपाळीची लाईट म्हणजे काय, हे उसाला पाणी देणाऱ्याला विचारा. काळोखात बांधावरून चालायचं, साप-विंचवाची भीती, फ्यूज गेला तर डीपीपर्यंत एकट्याने जायचं. डिसेंबर 2020 मध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन जीव घेतले, तेव्हा उसाच्या फडाकडे जायला माणसं धजत नव्हती. शेतीची वीज दिवसा आली तर हा धोका टळतो. शिवाय रात्रीची मागणीच कमी होते आणि तेवढी बॅटरीही कमी लागते. माझ्या मते साठवणुकीच्या सगळ्या योजनांची सुरुवात इथून झाली पाहिजे.

टेंभुर्णी-कंदर पट्ट्यातल्या केळीच्या शीतगृहांनाही हेच लागू पडतं. केळी तेरा-चौदा अंशांवर ठेवावी लागते. दुपारी सौर विजेवर बर्फ किंवा थंड पाणी करून ठेवलं तर संध्याकाळी कॉम्प्रेसरवरचा भार हलका होतो. दूध थंड करण्याच्या केंद्रांवर बर्फाच्या टाकीची ही पद्धत जुनीच आहे. आणि हंगामात आपल्या साखर कारखान्यांची सहवीज आहेच. उसाचं चिपाड रात्रीही जळतं, पण गाळप संपलं की चारेक महिन्यांची ती सोबत सुटते आणि ऐन उन्हाळ्याची संध्याकाळ उघडी पडते. म्हणून उपकेंद्रावर बॅटरी हवी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये सल्ला दिला आहे की नव्या सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान 10 टक्के, दोन तास पुरेल इतका साठा असावा. पाच मेगावॉटच्या प्रकल्पाला हा हिशेब लावला तर एक हजार युनिटं होतात. संध्याकाळी घरामागे दोन युनिटं धरली तर पाचशे घरांची गरज भागते. हे एका गावाचं काम झालं.

आता घरातलं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, म्हणून अनेकांनी छतावर सोलर बसवलं. मग भर दुपारी लाईट गेली की घरही बंद पडतं आणि लोक चक्रावतात. यात बिघाड काहीच नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रीड गेला की आपोआप थांबतो. लाईट गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ती घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: युनिटं किती, किती वेळा भरता-उतरवता येईल, आणि हमी किती वर्षांची. बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका. आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांत तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. तिचं शिसं लेकरांच्या रक्तात जातं. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा ती दुकानदारालाच परत द्या.

आणि एक विनंती. तुमच्या गावाजवळ सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प येत असेल, तर ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. आपल्या वाहिनीला दिवसा पूर्ण दाबाने आठ तास वीज मिळणार का? प्रकल्पाबरोबर दोन तासांची बॅटरी आहे का? नसेल तर ती मागणारा ठराव करा आणि महावितरणच्या कार्यालयात त्याची पोच घ्या.